दोन प्रौढ, एक रात्र

दातकाकांनी आयुष्यभर लोकांची तोंडं बघितली, माणसं फारशी बघितली नाहीत. शहरातले दातांचे डॉक्टर रोग्याच्या हिरड्यांचं माप घेऊन खोक्यात घालून पाठवायचे. काका त्यावरून प्लॅस्टरचा साचा काढायचे, मेणात दात रोवायचे, आणि कवळी तयार झाली की ती त्याच खोक्यातून परत जायची. कोणाच्या हिरड्या कुठे झिजल्यात, कोण एकाच बाजूने चावतो, कोण झोपेत दात खातो, हे त्यांना ठाऊक असायचं. तो माणूस जिन्यात भेटला तरी ओळखू यायचा नाही. फार तर कोणी मनापासून हसलं, तर काका चालता चालता थांबायचे आणि हळूच म्हणायचे, "आपलं आहे हे." मग सोबतच्या काकू त्यांना कोपराने पुढे ढकलायच्या.

खोकी पोचवायचं काम काकूंचं. त्या स्कूटरवरून दवाखान्यादवाखान्यात फिरायच्या. म्हणजे काकूंनी डॉक्टर बघितले आणि काकांनी हिरड्या. ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो रोगी दोघांनीही पाहिला नाही आणि त्याचं दोघांना काही वाटलंही नाही.

कवळी कधीकधी परत यायची. 'खाली उजवीकडे टोचते', एवढाच निरोप. काका ग्राइंडर फिरवून तेवढी जागा उतरवायचे. टोचतं म्हणजे टोचतं. त्यात वाद घालायचा नाही, कारण विचारायचं नाही. उतरवायचं आणि पाठवायचं. काकांचा धर्म म्हणाल तर एवढाच होता.

पुढे प्लॅस्टरची धूळ छातीत बसली. डॉक्टरांनी, म्हणजे छातीच्या, काम सोडायला सांगितलं. जिन्याखालची कार्यशाळा एका तरुण माणसाने विकत घेतली आणि तिथे आपोआप दात कापणारं यंत्र आणून बसवलं. काका एकदा बघायला गेले. यंत्र चालू होतं आणि तरुण माणूस मोबाइल बघत होता. काकांनी घरी येऊन सांगितलं, "छान आहे." आणि आपली हत्यारं गाडीच्या डिकीत नेऊन ठेवली.

कार्यशाळेच्या पैशांचं काय करायचं ते जावयाने सांगितलं. तो बँकेत होता आणि त्याला दुसऱ्याच्या पैशाची काळजी करायची सवय होती.

"बाबा, पैसा नुसता पडून राहायला नको. तलावाकाठी लाकडी घरं निघालीत विकायला. एखादं घ्यायचं, नीटनेटकं करायचं आणि सुटीवर येणाऱ्यांना दोन-चार दिवसांसाठी भाड्याने द्यायचं. सगळं मोबाइलवर. तुम्ही इथे झोपलेले असाल आणि घर तिथे कमवत असेल."

"आणि तिथे आम्ही कधी झोपायचं?" काकूंनी आतून विचारलं.

"आई, हा गुंतवणुकीचा विषय आहे."

"हो का. मला वाटलं घराचा आहे."

घर बघायला दोघं गेली. काकांनी खालचे खांब ठोकून बघितले, छताला कुठे ओल आहे का ते बघितलं, फळ्यांच्या सांध्यांवरून नख फिरवलं. काकू स्वयंपाकघरात गेल्या त्या बाहेर येईनात. काका बघतात तर त्या मोरीपाशी उभ्या. समोर खिडकी आणि खिडकीभर तलाव. शहरातल्या घरात भांडी घासताना त्यांच्या समोर खालच्या लाँड्रीचं वाफेचं नळकांडं असायचं; लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून ते तिथेच होतं. इथे कोणीतरी विसरलेला एकच कप होता. तो काकूंनी विसळला, पुसला, ठेवला आणि परत विसळायला घेतला.

परतताना गाडीत म्हणाल्या, "हेच घ्या. पण वर्षातले आठ दिवस आपले."

"दहा घे की!" काका म्हणाले. घर अजून विकत घ्यायचं होतं, तेव्हा दिवस वाटायला काही लागत नव्हतं.

घर झालं, ॲपवर चढलं आणि जावई म्हणाला त्याप्रमाणे कमवायला लागलं. काकूंचे पहिले आठ दिवस एका मोठ्या कुटुंबाने नेले. त्यांना नेमके तेच हवे होते आणि नवीन घराने पहिल्याच पाहुण्याला नाही म्हणणं बरं दिसत नाही, असं काकांचं म्हणणं पडलं. पुढचे आठ दिवस पक्षी बघणाऱ्या दोघा मित्रांनी नेले. त्यापुढे थंडी पडली, पाहुणे आटले, काकूंनी बॅग भरली. मग जावयाने दर उतरवायला सांगितलं आणि थंडी आवडणारी माणसं निघाली. "पुढच्या महिन्यात नक्की," काका दर वेळी म्हणायचे, आणि ते खोटं बोलत नव्हते. पुढचा महिना खरंच रिकामा दिसायचा, तो जवळ येईपर्यंत.

काकूंनी नंतर नंतर बॅग रिकामी करणंच सोडून दिलं. ती पलंगाखाली भरलेलीच असायची. शाल लागली की त्या वाकून बॅगेतून काढायच्या आणि वापरून झाली की घडी घालून बॅगेत ठेवायच्या.

इकडे काका कामाला लागले होते. प्रत्येक पाहुणा गेल्यावर ते गाडी काढून जात, चादरी बदलत, फरशी पुसत आणि ॲपवर पाहुण्याने काय लिहिलंय ते उभ्याउभ्याच वाचत. गादी मऊ आहे, असं एकाने लिहिलं. काकांनी कडक गादी आणली. गादी कडक आहे, असं पुढच्याने लिहिलं. काकांनी वर मऊ थर टाकला. ओसरीवरची खुर्ची कुरकुरते म्हणून ती गेली. बेडूक फार ओरडतात, असं एका बाईंनी लिहिलं. त्यावर काकांनी उत्तर दिलं, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. बेडूक आमचे नाहीत, तरी काय करता येईल ते बघतो.' आणि ते खरोखर काठावर जाऊन बघून आले.

एकाने लिहिलं, सगळं उत्तम आहे, पण कोणाच्या तरी घरात आल्यासारखं वाटतं. काकांनी ते दोनदा वाचलं. मग भिंतीवरचा लेकीच्या लहानपणीचा फोटो काढला, काकूंनी विणलेला टेबलावरचा रुमाल काढला, काकूंनी लावलेली तुळतुळीत पानांची कुंडी शेजारच्या नावाड्याला देऊन टाकली. पुढच्या पाहुण्याने लिहिलं, घर एकदम छान, कोणाचंच वाटत नाही. पाचपैकी पाच स्टार.

एका कवळीने सगळ्यांची तोंडं भागत नाहीत, हे काकांइतकं कोणाला माहीत असणार? पण ते तोंडांच्या बाबतीत. घराला तोंड नसतं, हिरड्या नसतात, घर गप्प राहतं, म्हणून ते उतरवत राहिले.

ॲपने त्यांना 'उत्तम यजमान' असा बिल्ला दिला. काकांनी तो खाली लाँड्रीवाल्याला दाखवला.

"वा वा," लाँड्रीवाला इस्त्री न थांबवता म्हणाला. "आणि तुम्ही दोघं जाऊन राहिलात की नाही?"

"आम्ही काय राहायचं? ते आमचंच आहे."

लाँड्रीवाल्याने इस्त्री उचलली, काकांकडे बघितलं आणि परत टेकवली.

एका संध्याकाळी काका बाहेरच्या खोलीत बसले होते. मोबाइल वाजला. नवीन विनंती: दोन प्रौढ, एक रात्र. खाली पाहुण्याचं नाव. नाव काकूंचं होतं.

काकांनी मान वर केली. स्वयंपाकघरात काकू पाठमोऱ्या उभ्या राहून भाजी निवडत होत्या. मोबाइल शेजारी ओट्यावर पालथा होता.

"अगं, हे काय?"

"काय?"

"हे बुकिंग."

"हो. बघा, मिळतंय का."

"आपल्याच घराचं भाडं भरलंस?"

"भरलं. शिवणाचे पैसे साठले होते."

"मला नुसतं सांगितलं असतंस तर..."

"सांगतच होते की. पण पाहुण्यांना तुम्ही तासाभरात उत्तर देता म्हणे. तसं लिहिलंय तिथे. म्हटलं, त्या बाजूने विचारून बघावं."

काकांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. त्यांनी विनंती परत वाचली. "दोन प्रौढ लिहिलंयस. दुसरं कोण?"

"बाकीच्यांना विचारता का असं?"

"नाही."

"मग."

काकांनी खोलीत दोन येरझाऱ्या घातल्या आणि 'स्वीकारा' दाबलं. स्वयंपाकघरात टिंग झालं.

"आभारी आहे," काकू आतून म्हणाल्या.

पुढचे दिवस काकांना त्या दुसऱ्या प्रौढाने पोखरलं. काकूंची बहीण असेल. काकूंच्या शिवणक्लासमधली ती हसरी बाई असेल. तिचे वरचे दात आपले होते, म्हणजे काकांनी केलेले. की काकू नाराज होऊन कोणाला तरी बरोबर नेताहेत, आपल्याला दाखवून द्यायला? सरळ विचारण्याची सोय राहिली नव्हती, कारण विनंती तर स्वीकारली होती. एकदा जेवताना त्यांनी बाजूने विषय काढला.

"उशांचं कसं करू? त्या दुसऱ्या माणसाला मऊ चालते की कडक?"

"विचारून सांगते."

दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं, "कडक."

काका स्वतः कडक उशीवर झोपायचे. पण कडक उशीवर झोपणारी माणसं जगात पुष्कळ असतात.

मुक्कामाच्या दिवशी काका सकाळीच निघाले. आधीचे पाहुणे जाणार होते, आवरायचं होतं. "गाडीतून चल की," ते दारातून म्हणाले.

"यजमान पाहुण्यांना आणायला जातात का?"

"नाही."

"मग. मी बसने येते."

घर आवरून झालं. चादरी ताणून झाल्या, टॉवेलांच्या घड्या झाल्या. शेवटी काका मोरी पुसायला स्वयंपाकघरात गेले आणि ओला फडका हातात घेऊन तसेच उभे राहिले.

खिडकी दुधी होती.

हे त्यांनीच केलं होतं. तलावाकाठच्या वाटेवरून जाणाऱ्यांना आतलं दिसतं, अशी एका पाहुण्याची तक्रार होती, म्हणून काकांनी काचेवर दुधी कागद चिकटवला होता. उत्तम चिकटवला होता, एक बुडबुडा नाही. घरी त्यांनी ते सांगितलं नव्हतं. लपवलंही नव्हतं, एवढंसं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं होतं. आता काकू बसमध्ये असणार.

त्यांनी नखाने कोपरा धरला. कागद बोटभर निघाला आणि तुटला. परत धरला, परत तुटला. काका गाडीपाशी गेले. डिकीत अजून कामाची जुनी हत्यारं होती. मेणाची सुरी आणि स्पिरिटचा दिवा घेऊन आले, सुरी तापवून कागदाखाली घालू लागले. कागद गुंडाळत येत होता, खाली डिंक राहत होता. डिंक खरवडावा तर कागद परत चिकटत होता. आपण केलेलं काम इतकं पक्कं असतं याचा काकांना पहिल्यांदाच राग आला.

ताटाएवढी जागा मोकळी झाली होती तेव्हा मागे चाहूल लागली. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. खांद्याला ती बॅग. त्यांनी काचेकडे बघितलं, काकांच्या हातातल्या सुरीकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं.

"कोणाला टोचलं होतं?" त्यांनी विचारलं.

"लोकांना आतलं दिसतं, अशी एकाची तक्रार आली होती."

"आणि मला बाहेरचं दिसायचं, त्याचं?"

"तू तक्रार केली नव्हतीस."

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते काकांना ऐकू आलं. दिवा फुरफुरत होता. त्यांनी तो विझवला.

"घर तयार आहे का माझं?" काकू म्हणाल्या.

"थोडा वेळ लागेल."

"मी बाहेर बसते."

त्या ओसरीवर जाऊन नव्या, न कुरकुरणाऱ्या खुर्चीवर बॅग मांडीवर घेऊन बसल्या, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसावं तशा. काकांनी दिवा परत पेटवला. खालची अर्धी काच मोकळी केली, वरची राहिली. बोटं चटकली होती. त्यांनी बाहेर येऊन काकूंच्या हातात किल्ली दिली.

"दुसरं माणूस?"

"यायचंय."

काका जाऊन गाडीत बसले. यजमानाने किल्ली दिल्यावर रेंगाळायचं नसतं, हा त्यांचाच नियम होता. पण किल्ली फिरवून गाडी सुरू करणं काही त्यांच्याच्याने होईना. कोण येतंय ते तरी बघून जावं. संध्याकाळची बस आली, वळणावर थांबली. कोणी उतरलं नाही. बस गेली. त्यानंतर दुसरी बस नव्हती, हे काकांना पाठ होतं. दर पाहुण्याला ते स्वतःच कळवायचे. घरात दिवा लागला. धुराड्यातून धूर निघाला. काका तरीही थोडा वेळ रस्त्याकडेच बघत राहिले.

शेवटी गाडीतून उतरले आणि त्यांनी दार वाजवलं.

"कोण?"

"मी."

"यजमान की दुसरा प्रौढ?"

प्रश्न दिसतो तेवढा सोपा नव्हता. काकांनी पायपुसण्यावर पाय पुसले, परत पुसले.

"दुसरा," ते म्हणाले.

"मग दार कसलं वाजवताय? लोटा."

जेवताना काका दोनदा उठले. एकदा नळ ठिबकतोय का बघायला, एकदा खिडकीची कडी बघायला. तिसऱ्यांदा उठू लागले तेव्हा काकू फक्त "बसा" म्हणाल्या. अंथरुणावर पडल्यावर काकांना कळलं की आपण या घरात कधी आडवे झालेलोच नाही. छताची एक फळी वेगळ्या लाकडाची होती. गादी आधी मऊ लागत होती आणि मग कडक. आणि बेडूक.

"फारच ओरडतात गं," काका म्हणाले. "त्या बाईंचं बरोबर होतं."

काकूंना झोप लागली होती.

सकाळी काका सवयीने लवकर उठले आणि सवयीने आपल्या बाजूची चादर काढू लागले. काकू मोरीपाशी उभ्या होत्या. खालच्या अर्ध्या काचेतून तलाव दिसत होता, म्हणून त्या किंचित वाकून उभ्या होत्या.

"आवर हं," काका म्हणाले. "दुपारी पाहुणे यायचेत."

"येऊ देत. मी जात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आठ दिवस. कालचा धरून."

काका चादरीचं टोक धरून उभे राहिले. "अगं, त्यांनी कधीचं बुकिंग केलंय. स्टार जातील."

"जातील."

"बिल्ला जाईल. एकदा गेला की परत मिळत नाही म्हणतात."

काकूंनी नळ सोडला. वळूनही बघितलं नाही. काकांनी मोबाइल काढून पाहुण्यांना फोन लावला. ते घाटात असावेत, लागेना. परत लावला. मग ते स्वयंपाकघराच्या दारात गेले, काहीतरी समजावून सांगायला. काकूंची पाठ दिसत होती. नळकांड्यासमोर उभी असलेली हीच पाठ त्यांनी इतकी वर्षं रोज बघितली होती आणि वाकून उभं राहिल्यावर ती दुखते, हे त्यांना माहीत होतं. तोंडाबाहेरचं एवढं एकच त्यांना माहीत होतं. ते तसेच मागे फिरले आणि चादर होती तशी पलंगावर टाकली.

पाहुणे वेळेआधीच आले. नवरा-बायको, दोन सुटकेसा, नवऱ्याच्या खांद्यावर मासे धरायची गळाची काठी.

"जरा लवकरच पोचलो," नवरा हसून म्हणाला. दात त्याचे स्वतःचे होते. "चालेल ना?"

काका दारात उभे होते. "घरात माणसं आहेत," ते म्हणाले.

"अजून निघाले नाहीत का पाहुणे? काही हरकत नाही, आम्ही थांबतो."

"पाहुणे नाहीत. घरातलीच आहेत."

"बरं. मग कधी निघणार?"

काकांनी आत वळून बघितलं. "जाण्यातली दिसत नाहीत," ते म्हणाले.

नवऱ्याला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. बायकोला तसं वाटलं नाही. तिने मोबाइल पुढे केला. "हे बघा. पैसे भरलेत आम्ही. तारीख आजची आहे. पत्ता हाच आहे."

"सगळं बरोबर आहे तुमचं."

"मग?"

"चूक आमची आहे. पैसे परत मिळतील. पलीकडे नावाड्याच्या दोन खोल्या आहेत, स्वच्छ आहेत, तिथला खर्च मी देतो. चला, सामान घेतो मी."

"ही चक्क फसवणूक आहे," बायको म्हणाली.

काकांनी त्यावर वाद घातला नाही. तिला टोचलं होतं आणि टोचलेलं खोटं नसतं. त्यांनी दोन्ही सुटकेसा उचलल्या, छातीत घरघर होईपर्यंत वाटेने वाहून नेल्या आणि नावाड्याच्या खोलीत ठेवल्या. त्या खोल्या पाण्याच्या अगदी काठाला होत्या; बेडूक तिथून आणखी जवळ. काकांनी ते सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं त्यांना परत येताना वाटलं.

संध्याकाळपर्यंत ॲपवर तक्रार आली. एक स्टार. 'इतक्या लांबून आलो आणि मालकाने दारातून परत पाठवलं. घरात मालक स्वतःच बायकोबरोबर राहत आहे.' बिल्ल्याची जागा रिकामी झाली. पाठोपाठ जावयाचा फोन.

"बाबा, हे काय? तुमचं खातं कोणी हॅक केलं का?"

"नाही."

"मग कोणी केलं हे?"

"मीच."

"ठीक आहे. घाबरू नका. खाली उत्तर लिहा. तब्येतीचं काहीतरी लिहा. आणि पुन्हा असं होणार नाही, हे नक्की लिहा."

काका पायरीवर बसले. तक्रार आली की त्यांचा अंगठा आपोआप जागा शोधायचा: कुठे टोचतंय, कुठून उतरवायचं. त्यांनी तक्रार परत वाचली. उतरवायची तर जागा एकच होती, आणि ती या क्षणी आत भांडी विसळत होती.

त्यांनी लिहिलं, 'तक्रार बरोबर आहे.' थोडं थांबून पुढे लिहिलं, 'दुरुस्ती होणार नाही.' मोबाइल आत नेऊन काकूंना दाखवला. काकूंचे हात ओले होते, म्हणून त्यांनी तो काकांच्याच हातात राहू देऊन वाचला.

"दिलगीर आहोत, हे नाही लिहिलंत?"

काकांनी विचार केला. "त्यांच्या बाबतीत आहे," ते म्हणाले. तेवढं एक वाक्य त्यांनी मध्ये घातलं आणि पाठवून दिलं.

लगेच जावयाचा फोन पुन्हा वाजू लागला.

"पाणी तापलंय," काकू म्हणाल्या. "आधी अंघोळीला जा. कालचा डिंक अजून लागलाय सगळ्या हातांना."

काका फोन तसाच वाजत ठेवून अंघोळीला गेले.